थोडं थांबा, नाहीतर बंद करून चालू करा!



आज जरा भांडायला बसले आहे. ज्यांना गोडगोड वाचायचं असेल त्यांनी मागचा आवळ्याच्या लोणच्याचा लेख पुन्हा वाचावा. :) आजचा विषय यंत्राचा आहे. पण यंत्राशी काडीचं देणंघेणं नसलेल्या माझ्या नणंदेने आणि पुण्याच्या वहिनींनीही तो शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती, कारण ह्यात एका बाईच्या मानधनातून कापलेले पैसे आहेत, आणि ते मला गेले तीन आठवडे झोपू देत नाहीयेत.

आमच्या गावचं वाचनालय तुम्हाला माहीत आहेच. क वर्गाचं, अनुदानावर चालणारं, अकरा हजारांवर पुस्तकं. ह्या पुस्तकांची यादी आम्ही तिघी-चौघींनी मिळून तीन वर्षं दुपारी दुपारी बसून टंकली. माझ्या भाच्याने ती यादी दिसण्याची आणि शोधण्याची सोय करून दिली. वेगळा संगणक घ्यायला पैसे नव्हते, म्हणून कार्यालयातला एकुलता एक विंडोजचा संगणक आहे त्याच्याच पोटात व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्याने एक आभासी संगणक बसवला. बाहेरचा तो यजमान, आतला तो पाहुणा. (हे शब्द माझे नाहीत हो, त्या लोकांचेच आहेत, इंग्रजीतही होस्ट आणि गेस्ट असंच म्हणतात.) पाहुण्याच्या अंगावर उबुंटू, उबुंटूवर अपाची नावाचा सर्व्हर, आणि अपाचीच्या हातात आमची यादी. वाचनकक्षात तीन जुने संगणक आहेत, ते राऊटरमधून ह्या पाहुण्याशी बोलतात आणि कुणालाही हवं ते पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते कळतं. भाचा आता परदेशी गेला. जाताना म्हणाला, "मावशी, आता तूच बघ."

आता दुखणं काय? वीज गेली आणि परत आली, की यजमान आपणहून सुरू होतो, त्याच्या आत पाहुणाही सुरू होतो, पण वाचनकक्षात यादी उघडत नाही. मग आमच्या ग्रंथपाल बाई संगणक बंद करून चालू करतात आणि यादी उघडते. वीज किती वेळा जाते हे गावाकडच्या मंडळींना सांगायला नको. इन्व्हर्टर आहे, पण तो दिव्या-पंख्यापुरता.

गेल्या पावसाळ्यात कमिटीने तालुक्याहून एक मुलगा बोलावला. चांगला चुणचुणीत होता. त्याने पाहुण्यात शिरून पाहिलं, नेटवर्क चालू आहे, पत्ता मिळालेला आहे, म्हणाला, "नेटवर्कला काही झालेलं नाही." तरी जाताना एक तोडगा करून गेला: यंत्र सुरू झालं की साठ सेकंद झोप, आणि मग अपाचीला पुन्हा हाक मार. खरोखरच तीन महिने सगळं सुरळीत चाललं. दिवाळीच्या सुमारास राऊटर बदलला, आणि दुखणं परत आलं. मुलगा परत आला, दहा मिनिटं बसला आणि कमिटीला सांगून गेला की बाई यंत्र नीट बंद करत नाहीत, त्यामुळे ते बिघडतं.

कमिटीने ते इतिवृत्तात लिहिलं. "ग्रंथपालांच्या हलगर्जीपणामुळे." आणि दोन महिने पाचशे-पाचशे रुपये कापले.

आता खरं सांगते. ह्या ग्रंथपाल बाई माझ्या विद्यार्थिनी. सातवीत होती माझ्याकडे. ती मला विचारायला आली तेव्हा मीसुद्धा हेच म्हणाले, "अगं, घाईत बटण दाबत असशील." ती काही बोलली नाही. सातवीतही बोलायची नाही. वीज गेल्यावर यंत्र जे बंद पडतं ते वीजकंपनी बंद करते, तिचा हात बटणाला लागतच नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात चार दिवसांनी, दूध तापवताना आली. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईने उत्तर न तपासता शेरा मारला!

म्हणून मग मी जाऊन बसले.

इथे थोडं मागे जाते. आभासी यंत्राचं नेटवर्क सुरू होतानाच पडतं हा अनुभव मला नवा नाही. २०१० साली मी घरच्या संगणकावर एका पाहुण्याची हुबेहूब नक्कल काढली होती, प्रयोग म्हणून. मूळ यंत्र चालायचं, नकलेत नेटवर्क नाही म्हणजे नाही. कारण काय निघालं? प्रत्येक नेटवर्क कार्डाला एक ओळख क्रमांक असतो. व्हर्च्युअलबॉक्स नक्कल काढताना नवा क्रमांक देतं. पण त्या काळच्या लिनक्समध्ये एक फाइल असायची, तीत लिहिलेलं असायचं की अमुक क्रमांकाचं कार्ड म्हणजे इथ०. ती फाइलही नकलेबरोबर आली. आता नवा क्रमांक दिसल्यावर यंत्र म्हणालं, इथ० तर आधीच कुणीतरी आहे, हा इथ१. आणि सुरू होताना कोणाला पत्ता द्यायचा ते जिथे लिहिलेलं असतं तिथे नाव फक्त इथ०चं! मंडळी, हे हजेरीसारखंच झालं. हजेरीपटावर बदलून गेलेल्या मुलीचं नाव, वर्गात नवी मुलगी बसलेली, आणि बाई आपल्या जुन्या नावाने हाका मारताहेत. मुलगी गैरहजर नाही, पट चुकीचा आहे. दोन दिवस लागले मला हे कळायला, पण कळल्यावर ते कायमचं कळलं.

पुढे २०१३ पासून सिस्टमडीच्या लोकांनी नावं द्यायची पद्धतच बदलली. ईएनपी०एस३ वगैरे. तेव्हा मीही वैतागले होते, हे काय नाव आहे का! पण विचार केल्यावर पटलं. त्याचा अर्थ ईथरनेट, पहिली बस (ते शून्यापासून मोजतात), खाच क्रमांक तीन. म्हणजे वर्गात आधी कोण आलं त्यावर नाव न ठेवता कोण कुठल्या बाकावर बसतं त्यावर ठेवलं. शिक्षिका म्हणून मी ह्या पद्धतीच्या बाजूची आहे. जे आजही इथ०साठी रडतात त्यांनी साठ मुलांचा वर्ग एकदा सांभाळून बघावा.

असो. वाचनालयात परत येऊ.

मी पहिली गोष्ट कुठली केली? वाचलं. बस्स, एवढंच. लिनक्स सुरू होताना काय काय घडलं ते सेकंदासकट लिहून ठेवतं. जर्नलसीटीएल ही त्याची आज्ञा. तिच्यापुढे उणे बी लिहिलं की ह्या वेळच्या सुरुवातीची रोजनिशी, आणि त्याच्याही पुढे उणे एक लिहिलं की मागच्या वेळची. हे "मागच्या वेळची" फार महत्त्वाचं, कारण आपल्याकडे बंद करून चालू करण्याचा मंत्र म्हटल्यावर मगच कोणीतरी तपासायला येतं. तोवर सगळं ठीक झालेलं असतं. मुलाने जे "नेटवर्कला काही झालेलं नाही" म्हटलं ते खरंच होतं, त्या क्षणी! ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून "ताप नाही" म्हणण्यातला प्रकार.

मागच्या वेळच्या रोजनिशीत स्वच्छ लिहिलेलं होतं. अपाची म्हणतो, १९२.१६८.१.५० ह्या पत्त्यावर मला बसता येत नाही, मागितलेला पत्ता देता येत नाही, ऐकायला एकही जागा नाही, म्हणून बंद होतो. साठ सेकंदांनी पुन्हा हाक, पुन्हा तेच रडगाणं. आणि त्यानंतर वीस सेकंदांनी ओळ आहे: ईएनपी०एस८ला १९२.१६८.१.५० हा पत्ता मिळाला.

वीस सेकंद, मंडळी. वीस सेकंदांच्या चुकामुकीसाठी त्या बाईला हजार रुपयांचा भुर्दंड.

घडत होतं ते असं. पाहुण्याला दोन कार्डं. पहिलं व्हर्च्युअलबॉक्सच्या आतल्या आतलं, त्याला पत्ता व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच देतं, १०.०.२.१५, आणि ते लगेच मिळतं. दुसरं कार्ड वाचनकक्षाकडे तोंड केलेलं. त्याला पत्ता राऊटरकडून मागून घ्यावा लागतो. राऊटरमध्ये ५० क्रमांक आमच्यासाठी राखून ठेवलेला आहे (नव्या राऊटरमध्येही मुलाने तो न विसरता राखला, ते काम त्याने चोख केलं). पण वीज येते तेव्हा राऊटरही शून्यापासूनच सुरू होतो ना! मी मुख्य बटण पाडून, घड्याळ घेऊन बसले. वीज आल्यापासून पन्नासाव्या सेकंदाला अपाची उठतो. जुना राऊटर सत्तर सेकंद घ्यायचा, तो अजून कपाटात होता, त्यालाही लावून पाहिलं. नवा घेतो दोन मिनिटं दहा सेकंद. आता पाचवीतलं गणित करा. पन्नास अधिक साठ एकशेदहा. जुन्या राऊटरला पुरेसे. नव्याला वीसने कमी.

म्हणजे साठ सेकंदांच्या झोपेचा तोडगा चालला तो योगायोगाने, आणि मोडला तोही ठरल्यासारखा. आणि बंद करून चालू केल्यावर का चालायचं? कारण तोवर राऊटर जागा झालेला असायचा. बाईंच्या हाताला गुण नव्हता आणि दोषही नव्हता.

माझं भांडण ह्या झोपेशी आहे. कुठलंही यंत्र सुरू होताना अडलं की त्याच्या गळ्यात "थोडं थांब" बांधायचं, ही आता सर्रास पद्धत झाली आहे. किती थांबायचं? तीस. नाही चाललं? साठ. नाही? दोनशे करा. अरे, पण कोणासाठी थांबायचं ते कोणी विचारत नाही! एस.टी. स्टँडवर "अर्धा तास थांब" असं सांगितलं तर मी थांबेन आणि मग निघून जाईन. "मावशी येईपर्यंत थांब" सांगितलं तर मावशी येईपर्यंत थांबेन. पहिल्यात फक्त अंदाज आहे, आणि अंदाज कशावर बांधला ते कुठेही लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून राऊटर बदलला की तो कोसळतो, आणि बदललेल्या राऊटरचा त्याच्याशी काही संबंध असेल हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

ह्यावर मुलगा मला फोनवर काय म्हणाला तेही सांगते, कारण ते अगदीच चूक नव्हतं. म्हणाला, "आजी, मला दिवसाला आठ ठिकाणी जायचं असतं. प्रत्येक ठिकाणी लॉग वाचत बसलो तर पेट्रोलचे पैसे सुटत नाहीत. आणि गिऱ्हाईकाला कारण नको असतं, चालू करून हवं असतं." खरं आहे रे बाबा. वाचनालयाची कमिटी त्याला एका फेरीचे जेवढे पैसे देते तेवढ्यात मी त्याच्या जागी असते तर मीही कदाचित साठ सेकंद झोपवून निघाले असते. पण तू दोनदा आलास की नाही? दुसऱ्या फेरीत कारण सापडलं नाही तेव्हा "मला कळलं नाही" हे तीन शब्द म्हणायला पेट्रोल लागत नव्हतं. त्याऐवजी तू एका बाईचं नाव घेतलंस. तोडग्याबद्दल मी तुला माफ केलं आहे, नाव घेतल्याबद्दल नाही.

आणि कमिटीला तर मुळीच नाही. यंत्राने दोषी ठरवलेला माणूस सगळ्यात सोयीचा, कारण त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. बाईंनी काय उलट विचारायचं? रोजनिशी इंग्रजीत, तीही काळ्या पडद्यावर, तिला कोणी कधी दाखवलेलीच नाही. किल्ली तिच्याकडे, जबाबदारी तिच्याकडे, आणि पाहुण्याचा पासवर्ड मात्र तिच्याकडे नाही! (तो आता आहे. मी दिला. कमिटीला आवडलेलं नाही.)

यंत्रं बनवणाऱ्यांनाही दोन शब्द. सिस्टमडीमध्ये सुरू होण्याचे टप्पे आहेत, त्यातल्या एकाचं नाव नेटवर्क टार्गेट. अपाची त्याच्यानंतर उठतो. कोणालाही वाटेल की म्हणजे नेटवर्क आल्यानंतर. तर नाही! त्याचा अर्थ एवढाच की नेटवर्क सांभाळणारा कारकून खुर्चीत येऊन बसला. त्याच्या हातून एकही कागद पुढे सरकलेला असेलच असं नाही. खरोखर पत्ता मिळाल्याचा टप्पा वेगळा, त्याचं नाव नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट. हे त्यांनी स्वतःच्या माहितीपत्रकात नीट लिहिलेलं आहे, मान्य. पण माहितीपत्रकात खुलासा करावा लागतो म्हणजेच नाव वाईट ठेवलं आहे. बरं, तो दुसरा टप्पा तरी शहाणा का? तो दोन मिनिटं वाट बघतो आणि मग हात झटकून पुढे जातो. आणि एखादं कार्ड कशालाच जोडलेलं नसेल तरी त्याच्यासाठी तो बसून राहतो, अख्ख्या वर्गाला तिष्ठत ठेवून. ते कार्ड ऐच्छिक आहे असं आपण वेगळं लिहिलं तरच सोडून देतो. वर कित्येक ठिकाणी सुरू होतानाच्या ओळी शोभेच्या चित्रामागे लपवून ठेवलेल्या असतात, का, तर लोक घाबरतात. लोक घाबरतात ते वाचायला न शिकवल्यामुळे.

आणि शिकवणारे कोण? आम्हीच. मी चाळीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. सनावळ्या पाठ करून घेतल्या. पानिपत १७६१, उत्तरेला गुण. का झालं, कोणाच्या रसदेचं काय झालं, हे विचारणाऱ्या मुलीला मी म्हटलेलं आहे की परीक्षेला ते नाही. आता माझ्याच मुली कमिटीत बसल्या आहेत आणि "का" विचारत नाहीत, तर मी कोणत्या तोंडाने ओरडू? तरी ओरडते आहे. वयाचा फायदा.

दुरुस्ती काय केली ते सांगायचं राहिलं. कित्येकांना वाटेल मोठं काही असेल. अपाचीच्या एका फाइलीत लिहिलं होतं की १९२.१६८.१.५० ह्याच पत्त्यावर, ८० क्रमांकाच्या दारात बसून ऐक. भाच्याने ते सावधगिरी म्हणून लिहिलं होतं. मी पत्ता खोडला, नुसते ८० ठेवले. आता अपाची कुठलाही पत्ता न मागता दारात बसतो. पत्ता दोन मिनिटांनी येवो की दहा, आला की त्या पत्त्यावर आलेली हाक त्याला ऐकू येते. दुसरं कार्ड आतल्या आतलंच आहे, बाहेरच्या कोणालाही त्या बाजूने आपणहून शिरता येत नाही, हे आधी भाच्याला विरोप पाठवून विचारून घेतलं. तो म्हणाला, "हो मावशी, माझीच अतिसावधगिरी." मग ती साठ सेकंदांची झोपही काढून टाकली. एकूण खोडलेली अक्षरं मोजली तर एक ओळसुद्धा भरत नाही. अपाचीला खऱ्या टप्प्यानंतर उठवणं, पडला तर पुन्हा उठ असं सांगून ठेवणं, हेही मार्ग होते. पण खोडून भागत असेल तर लिहू नये असं माझं मत.

त्यानंतर मुख्य बटण पाडून पाच वेळा पाहिलं. बाई शेजारी उभी होती. पाचव्या वेळी मी तिला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, आता तू आज्ञा दे. तिने एका बोटाने जर्नलसीटीएल टंकलं, एक अक्षर चुकलं, पुन्हा टंकलं. ओळी सरकल्या. तिने पत्ता मिळाल्याची ओळ स्वतः शोधली, बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाई, म्हणजे हे रोज इथे लिहिलेलं होतं?"

मला उत्तर देववलं नाही.

आता कमिटीची पुढची सभा येत्या रविवारी आहे. मी आजीव सभासद आहे, मला बोलायचा हक्क आहे. अर्ज दिलेला आहे: कापलेले हजार रुपये परत करावेत, आणि इतिवृत्तातला तो शब्द दुरुस्त करावा. पैशांना अध्यक्ष तयार आहेत. शब्दाला नाहीत. म्हणाले, "बाई, इतिवृत्तात खाडाखोड करता येत नाही, जाऊ द्या की आता, यंत्र चालतंय ना?"

खाडाखोड मलाही नको आहे. पुढच्या पानावर नवा ठराव लिहा, मागचा शब्द चुकीचा होता म्हणून, तारखेसह. मागच्या वेळच्या रोजनिशीची छापील प्रत काढून ठेवली आहे, वीस सेकंदांच्या त्या दोन ओळींखाली लाल शाईने रेघ मारून. ती घेऊन जाणार आहे. ह्यांनी विचारलं, "आणि नाही ऐकलं तर?" म्हटलं, मग त्याच्या पुढच्या सभेला जाईन.